जॉन वुडन: प्रॅक्टिसचा कागद, २-२-१ प्रेस आणि पहिली पंधरा वर्षं

फ्रीथ्रो_लाइन
अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा कोच जॉन वुडनबद्दल मराठीत जे काही फिरतं ते म्हणजे ‘यशाचा पिरॅमिड’ आणि सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारी वाक्यं. मला त्याच्या रोजच्या कामाबद्दल विचारायचंय. माझ्यासमोर कॉलेजची मुलांची बास्केटबॉल टीम आहे: १४ खेळाडू, एकच सिमेंटचं कोर्ट, संध्याकाळचा दीड तास, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दोन महिन्यांवर. यूसीएलएत (लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात) त्याला पहिलं अजिंक्यपद मिळायला इतका वेळ का लागला? त्याच्या प्रॅक्टिसमधलं आपल्याकडे काय चालेल? आणि १९६४ चा तो प्रसिद्ध झोन प्रेस (पूर्ण कोर्टभर जागा वाटून घेऊन समोरच्या टीमवर दबाव टाकणं) आजच्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत टिकतो का?

बेसलाइन
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. वुडन यूसीएलएत आला १९४८ साली. त्याच्या आदल्या मोसमात टीम १२-१३ (१२ विजय, १३ पराभव) अशी होती, त्याच्या पहिल्याच मोसमात २२-७. म्हणजे तो सुरुवातीला चाचपडत होता असं नाही. पण राष्ट्रीय अजिंक्यपद आलं थेट १९६४ ला, सोळाव्या मोसमात. मधे १९६० ला १४-१२ असा मोसमही गेला.

कारणांत जागा मोठी. जिम जुनं, तिसऱ्या मजल्यावर, हवा खेळत नसे; पोरं त्याला ‘बी. ओ. बार्न’ म्हणत, म्हणजे घामट वासाचं कोठार. कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सवाले त्याच वेळी तिथेच. जिम्नॅस्टच्या खडूची भुकटी फरशीवर पसरायची, त्यामुळे प्रॅक्टिसआधी वुडन स्वतः मॅनेजर पोरांबरोबर फरशी पुसायचा. पुढे अग्निशमनवाल्यांनी तिथल्या प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घातली आणि ‘घरचे’ सामने आसपासच्या दुसऱ्या हॉलांत खेळायची वेळ आली. पॉली पॅव्हिलियन उघडलं १९६५ ला, तोवर दोन अजिंक्यपदं खिशात होती! त्यामुळे ‘सुविधा मिळाल्या म्हणून जिंकला’ हे अर्धंच खरं.

दुसरं कारण माणसं. सहायक कोच जेरी नॉर्मनने खेळाडू शोधण्यावर जोर दिला आणि पूर्ण कोर्टाचा प्रेस पुन्हा लावायला वुडनला राजी केलं. प्रेस वुडनने आधी इंडियानात वापरला होता, लॉस एंजेलिसला आल्यावर मागे पडला होता. १९६४ च्या पहिल्या पाचांत कुणीही ६ फूट ५ इंचांपेक्षा उंच नव्हता. मोसम ३०-०.

जुना_पिव्हट
प्रॅक्टिसबद्दल. वुडन सहायकांबरोबर सकाळी जवळजवळ दोन तास बसून दुपारच्या दोन तासांचा आराखडा करायचा. मिनिटांसकट सगळं छोट्या कार्डावर, खिशात. जुन्या वर्षांच्या वह्या जपलेल्या, त्यामुळे मागच्या मोसमात याच तारखेला काय केलं होतं ते उघडून बघता यायचं. ड्रिल ५ ते १५ मिनिटांचं. वेळ संपली की थांबायचं, जमलं नसलं तरी. उद्याच्या कागदावर जाईल. आपल्याकडे घोडं पेंड खातं ते इथेच: एक ड्रिल बिघडलं की कोच हट्टाला पेटतो, त्यात चाळीस मिनिटं जातात आणि फाइव्ह-ऑन-फाइव्ह राहून जातं.

नुसती धावाधाव करवून दम वाढवणं त्याला मान्य नव्हतं. दम ड्रिलच्या वेगातूनच वाढला पाहिजे.

तुमच्या दीड तासाचा कागद साधारण असा निघेल: ८ मिनिटं बॉल घेऊन वॉर्मअप, १० मिनिटं थांबणं, पिव्हट (एक पाय रोवून वळणं) आणि पायांचं काम, १२ मिनिटं तिघा-तिघांचे पास-कट (पास देऊन लगेच रिंगकडे पळणं), ३ मिनिटं फ्री थ्रो, १५ मिनिटं हाफ कोर्ट थ्री-ऑन-थ्री, १२ मिनिटं प्रेस, पुन्हा ३ मिनिटं फ्री थ्रो (दमलेले असतानाच, तोच तर मुद्दा), २० मिनिटं फाइव्ह-ऑन-फाइव्ह, आणि शेवटची ७ मिनिटं पोरांना आवडणारं काहीतरी. चेहरे पाडून कुणी घरी जाऊ नये याची तो काळजी घ्यायचा. बॉल मात्र किमान सात हवेत. १४ पोरं एका रिंगखाली रांगेत लावून लेअप घेतले तर बहुतेक वेळ ती उभीच असतात.

आणि बोलणं मोजकं ठेवा. १९७४-७५ मध्ये थार्प आणि गॅलिमोर या मानसशास्त्रज्ञांनी त्याच्या १५ प्रॅक्टिस बसून पाहिल्या आणि शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदल्या. निम्म्या नुसत्या सूचना: काय करायचं, कसं करायचं. कौतुक जेमतेम ७ टक्के, निव्वळ रागावणंही जवळपास तेवढंच. चूक झाली की तो बरोबर करून दाखवायचा, मग पोराने केलं तसं चुकीचं, मग पुन्हा बरोबर. हे बहुधा पाच सेकंदांत उरकायचं. भाषण नाही.

ट्रॅप_डावीकडे
२-२-१ प्रेसबद्दल, म्हणजे पुढे दोन, मधे दोन, मागे एक. १९६४ ला पुढे गेल गुडरिच आणि फ्रेड स्लॉटर, मधल्या फळीत वॉल्ट हॅझार्ड आणि जॅक हर्श, सगळ्यात मागे कीथ एरिक्सन. मागचा खेळाडू फक्त उंच असून भागत नाही. त्याला पास कुठे येणार ते आधी दिसलं पाहिजे. सगळ्यात हुशार पोरगा तिथे ठेवा, मंद पण उंच सेंटर ठेवलात तर संपलं.

आपला बास्केट झाला की लावायचा, कारण तेव्हाच जागेवर यायला वेळ मिळतो. बेसलाइनवरून (रिंगमागच्या रेषेवरून) येणारा पहिला पास अडवायचा नाही. तो कोपऱ्याकडे, पुढच्या दोघांच्या समोर पडू द्यायचा. मग त्या बाजूचा पुढचा खेळाडू मधली वाट बंद करून ड्रिब्लरला साइडलाइनकडे ढकलतो. हाफ लाइनच्या जरा अलीकडे त्याच बाजूचा मधल्या फळीतला वर येतो आणि ट्रॅप लागतो, म्हणजे दोघं मिळून ड्रिब्लरला कोंडतात. त्या क्षणी उरलेल्या तिघांनी एकदम हललं पाहिजे: दुसरा पुढचा खेळाडू कोर्टाच्या मध्यावर, सगळ्यात मागचा बॉलच्या बाजूच्या साइडलाइनवर, आणि विरुद्ध बाजूचा मधला धावत मागे रिंगखाली. हा शेवटचा माणूस उशिरा निघाला की समोरच्याला फुकट लेअप. दहापैकी सात वेळा प्रेस इथेच फुटतो.

दुसरी चूक म्हणजे ट्रॅपमध्ये हात मारणं. हात वर, पाय जवळ, गुडघ्याला गुडघा. दोघांच्या मधून पास जाता कामा नये. बॉल हिसकायचाच नाहीये. उंच, तरंगता पास काढायला लावायचा, तो मागचे उचलतात.

फिबाचं म्हणाल तर वुडनच्या वेळी हाफ लाइन ओलांडायला १० सेकंद होते, शॉट क्लॉक (ठराविक सेकंदांत शॉट घ्यायची सक्ती) नव्हतं. संथ खेळून बॉल धरून बसणाऱ्या टीमला पळायला लावणं हा त्याचा मुख्य हेतू. आता ८ सेकंद आणि २४ चं घड्याळ. प्रेसने ७ सेकंद खाल्ले की हल्ला रचायला १७ उरतात, आणि कॉलेज पातळीवर एवढ्यात नीट सेट लावता येणाऱ्या टीम थोड्या. म्हणून टिकतो, पण ४० मिनिटं नाही. क्वार्टरमधे दोन-तीन मिनिटांचे तुकडे करा. १९६४ च्या फायनलमध्ये ड्यूक ३०-२७ ने पुढे होती, अडीचेक मिनिटांत यूसीएलएने सलग १६ गुण घेतले, ४३-३०. शेवटी ९८-८३.

फ्रीथ्रो_लाइन
खूप आभार, जुना_पिव्हट सरांचा कागद तसाच उचलतोय. दोन शंका. पहिल्या दिवशी मोजे घालायला शिकवायचा ही दंतकथा की खरं? आणि अॅल्सिंडर, वॉल्टन असे राक्षसासारखे सेंटर मिळाल्यावर कुणीही जिंकेल, या आक्षेपाचं काय?

जुना_पिव्हट
मोज्यांचं खरंय, आणि सिमेंट कोर्टावर तर पहिल्याच दिवशी कराच. मोजा टाचेत नीट बसवायचा, करंगळीपाशी आणि टाचेपाशी चुणी हाताने सपाट करायची, वरून ताणून धरूनच पाय बुटात घालायचा. नाडी खालच्या भोकापासून एकेक भोक आवळत वर, शेवटी दुहेरी गाठ. चुणी राहिली की घर्षणाने फोड, फोड आला की पोरगा आठवडाभर बाहेर. बुटाचा नंबरही तपासा. पुढे वापरता येईल म्हणून एक नंबर मोठा घेतलेला असतो, आणि पाय आत सरकतो.

बेसलाइन
आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धं. वुडनच्या एकूण दहापैकी पाच अजिंक्यपदं या दोघांच्या काळातली: अॅल्सिंडर (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) १९६७ ते ६९, वॉल्टन १९७२ आणि ७३. ८८ सामन्यांची अपराजित मालिकाही बरीचशी वॉल्टनच्याच टीमची. ती १९ जानेवारी १९७४ ला नोत्र दामने ७१-७० ने मोडली, शेवटच्या साडेतीन मिनिटांत यूसीएलए ११ ने पुढे असताना. पण १९६४, ६५, ७०, ७१ आणि १९७५ चा निरोपाचा मोसम या दोघांशिवायचा आहे. ६४ ला बुटकी टीम म्हणून प्रेस, ६७ ला सात फुटांहून उंच सेंटर म्हणून लो पोस्टभोवती (रिंगजवळच्या जागेभोवती) खेळ. पद्धत बदलली, प्रॅक्टिसचा कागद बदलला नाही.

खरा डाग वेगळा आहे, तो सुविचारवाले सांगत नाहीत. सॅम गिल्बर्ट नावाचा धनाढ्य पाठीराखा खेळाडूंना नियमबाह्य मदत करायचा. एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने) यूसीएलएवर कारवाई केली ती १९८१ ला, वुडन निवृत्त झाल्यावर, पण गिल्बर्टचा वावर त्याच्या काळापासूनचा. वुडनचा स्वतःचा पगार बेताचाच होता, त्याने पैसे खाल्ले असं कुणी म्हणत नाही. डोळ्यांआड होऊ दिलं का, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

ट्रॅप_डावीकडे
एक राहिलं: १४ जणांना सारखा वेळ द्यायच्या फंदात पडू नका. वुडन सामन्यात मुख्यतः सात-आठ जणच फिरवायचा. तुमच्या प्रेससाठी निदान आठ लागतील, कारण पुढचे दोघं सगळ्यात आधी दमतात. त्यांच्या जागी दोन बदली आधीच ठरवून ठेवा आणि प्रॅक्टिसला त्या चौघांना आलटून पालटून त्याच जागी उभं करा.