‘सताप’ शब्दातला ताप

प्रश्न : कुंडीत सताप लावलाय. आजी म्हणायची, तापावर चालतो म्हणून सताप. ही व्युत्पत्ती बरोबर आहे का? आणि बायबलात सतापाचा उल्लेख आहे म्हणतात, तो हाच का?

उत्तर : आजीचं औषध राहू द्या, व्युत्पत्ती मात्र सोडून द्या. अरबीत या झाडाला ‘सधाब’ किंवा ‘सदाब’ म्हणतात. फारसी-हिंदीतही ‘सदाब’, ‘सुदाब’ आहे, आणि आपला ‘सताप’ त्याच घरातला. परका शब्द तोंडात रुळताना ओळखीच्या शब्दाचा आधार शोधतो. इथे ‘ताप’ हाताशी होता, तो चिकटला.

बायबलातला सताप हाच. लूकच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) 11व्या अध्यायातल्या 42व्या ओवीत येशू परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथाच्या लोकांना झापतो : पुदिना नि सतापाचाही दशांश देवाला मोजून देता, पण न्याय विसरता. मूळ ग्रीकमध्ये ‘पेगानोन’ आहे. मत्तयच्या अशाच ओवीत (23:23) पुदिना, शेपू, जिरं येतं, सताप नाही. नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या येशूपासूनच्या भागात, हे झाड लूकमध्ये एकदाच येतं.

मला गंमत वाटते ती कॉप्टिकची, म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेची. तिच्या दक्षिणेकडच्या साहिदिक बोलीतल्या बायबलात या ओवीत ‘बाशूश’ आहे. भाषांतरकारांनी ग्रीक शब्द तसाच न उचलता गावातला ठेवला. चौथ्या शतकात पाखोमिअस या ख्रिस्ती संन्याशाने नाईलकाठी ताबेन्नेसीला मठ उभारला. त्याच्या नियमांत मठात येणाऱ्याला आधी बायबलातली वीस स्तोत्रं किंवा प्रेषित पौलाची दोन पत्रं पाठ करायला लावत. अक्षरओळख नसेल तर तीही सक्तीची, आणि नवा करार नि स्तोत्रसंहिता पाठ नसलेला कुणी मठात असू नये अशी अपेक्षा. म्हणजे टोपल्या विणता विणता ओव्या पुटपुटणाऱ्या शेतकरी घरातल्या संन्याशाच्या तोंडी ‘बाशूश’ नक्कीच येत असणार. आणखी एक नियम मला फार आवडतो : माळ्याने दिल्याशिवाय मळ्यातली भाजी कुणी घ्यायची नाही. बायबलाचा लॅटिन भाषांतरकार जेरोमने 404 मध्ये हे नियम लॅटिनमध्ये आणले, म्हणून आपल्यापर्यंत पोचले.

प्रतिप्रश्न : मग आज इजिप्तमधले ख्रिस्ती काय म्हणतात? बाशूशच?

उत्तर : नाही. बोलीभाषा म्हणून कॉप्टिक मागे पडून प्रार्थनेपुरती उरली, आणि रोजच्या बोलण्यात अरबी आली. तिथेही आता ‘सदाब’च. म्हणजे कैरोतल्या मसालेवाल्याकडे ‘सदाब’ म्हणालात तर बहुधा समजेल.

तुमच्या कुंडीत काय आहे ते तपासायचं असेल तर पान उजेडासमोर धरा, बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. चुरडलं की उग्र वास येतो. फुलं पिवळी, बहुतेक चार पाकळ्यांची, पण गुच्छाच्या मधलं फूल पाच पाकळ्यांचं. पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या असतील तर तुमच्याकडे रुटा चालेपेन्सिस (सतापाच्या एका जातीचं शास्त्रीय नाव) आहे, नुसत्या दातेरी असतील तर रुटा ग्रॅव्हिओलेन्स. मराठीत दोन्ही सतापच.

छाटणी उन्हात, उघड्या हातांनी करू नका. रस लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी फोडांनी भरते. गरोदर बाईला तर सतापाचा काढा मुळीच नको, त्याने गर्भपात होऊ शकतो. तान्ह्याला रस चाटवण्याची जुनी पद्धतही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.