‘ॲभॉर’ म्हणजे नेमकं काय? ‘हॉरर’शी नातं आहे का?

कोरीपाटी: ‘शी ॲभॉर्स व्हायोलन्स’ हे वाक्य मराठीत आणायचंय. ‘ती हिंसेचा द्वेष करते’ कानाला खटकतं. ‘ॲभॉर’ हे ‘हेट’पेक्षा वेगळं कसं? आणि ‘हॉरर’शी संबंध खरा की नुसता भास?

धातुपाठ: भास नाही, सख्खं नातं आहे. लॅटिनमध्ये ‘ॲब’ म्हणजे दूर आणि ‘हॉरेरे’ म्हणजे केस ताठ उभे राहणं, शहारणं. दोन्ही मिळून अंगावर काटा येऊन मागे सरणं. इंग्रजीत हा शब्द १५व्या शतकात आला. गंमत म्हणजे संस्कृत ‘हृष्’ हा त्याच घराण्यातला, मूळ अर्थही तोच. लॅटिनकडे काटा भीतीने आला, आपल्याकडे आनंदाने. म्हणून तिकडे ‘हॉरर’ आणि इकडे ‘हर्ष’! ‘रोमहर्ष’मध्ये ते उभे राहिलेले केस अजून दिसतात.

शुद्धलेखन_चूक: वापराचं सांगतो. ‘हेट’ कारल्यालाही चालतं. ‘ॲभॉर’ क्रौर्य, गुलामगिरी, वंशभेद असल्या गोष्टींसाठी. कारल्याला लावलंत तर लोक हसतील. पुढे नाम किंवा ‘आयएनजी’वालं रूप येतं. ‘हेट टू’ चालतं, ‘ॲभॉर टू’ नाही. ‘आय ॲम ॲभॉरिंग’ही नको. स्पेलिंगमध्ये हमखास चुकतं ते इथे: उच्चाराचा जोर शब्दाच्या दुसऱ्या भागावर असल्याने ‘ईडी’ किंवा ‘आयएनजी’ लागताना ‘आर’ दोनदा येतो.

तुमचं वाक्य: ‘तिला हिंसेचा मनस्वी तिटकारा आहे.’ ‘तिला’च हवं. ‘ती तिटकारा करते’ लिहिलंत की भाषांतराचा वास आलाच.

कोरीपाटी: आणि ‘घृणा’?

धातुपाठ: चालेल, पण जरा हिंदी वळणाचं वाटतं. शिवाय संस्कृतात ‘घृणा’चा एक अर्थ दया असाही आहे. बातम्यांतला ‘निर्घृण खून’ त्यातूनच आला. निर्घृण म्हणजे दयामाया नसलेला. किळस नसलेला नव्हे.

कोरीपाटी: हे लक्षातच आलं नव्हतं. तिटकाराच ठेवतो. मग ‘नेचर ॲभॉर्स अ व्हॅक्यूम’लाही तोच शब्द?

शुद्धलेखन_चूक: छे, तिथे नको. ‘निसर्गाला पोकळी खपत नाही.’