जेरंड मराठीतून शिकवायला काय हरकत आहे?

फळा_आणि_खडू
नाशिकला आठवी ते बारावीचे इंग्रजीचे क्लास घेते. जेरंडचा, म्हणजे 'स्विमिंग इज फन'मधल्या स्विमिंगसारख्या आयएनजी लागून नाम झालेल्या क्रियापदाचा, धडा आला की अर्धी मुलं त्याला 'गेरुंड' म्हणतात आणि सगळीच 'क्रियापदाला आयएनजी लागलं की जेरंड' असं घोकून येतात. मग 'ही इज स्विमिंग'मधलं स्विमिंगसुद्धा अधोरेखित करून मोकळी होतात.

यंदा इंग्रजी व्याख्या बाजूला ठेवली आणि फळ्यावर चार शब्द लिहिले: ड्रिंकिंग वॉटर, रनिंग वॉटर, वॉकिंग स्टिक, क्राइंग बेबी. म्हटलं, मराठी करा. प्यायचं पाणी, वाहतं पाणी, चालायची काठी, रडणारं बाळ. बस्स! पाणी पीत नाही आणि काठी चालत नाही, म्हणून ते जेरंड. पाणी खरंच वाहतं, बाळ खरंच रडतं, म्हणून ती विशेषणं. इंग्रजीने दोघांना एकच शर्ट घातलाय, मराठीने वेगवेगळे.

जेरंड म्हणजे आपलं धातुसाधित नाम, क्रियापदापासून बनलेलं. ते आपल्या पोरांच्या तोंडात जन्मापासून आहे. 'पोहणं चांगलं', 'पोहण्याने भूक लागते', 'पोहण्याबद्दल बोलू नकोस'. शब्दयोगी अव्यय लागताना 'पोहणं'चं 'पोहण्या' होतं, तसंच इंग्रजीत प्रीपोझिशननंतर क्रियापद आलं की आयएनजी. हे सांगितलं की 'इंटरेस्टेड इन लर्न' लिहिणारा मुलगा स्वतःच थबकतो. तरी मराठीतून इंग्रजी शिकवणं म्हणजे मागासपणा, असं पालक तोंडावर सांगतात. तुमचं काय मत?

वाकडी_वाट
ताई, उदाहरणं झकास आहेत, पण सोयीची निवडली आहेत. हे करून बघा:
'त्याने जायचं ठरवलं.' ही डिसाइडेड टू गो.
'त्याने जायचं सुचवलं.' ही सजेस्टेड गोइंग.
मराठीत दोन्हीकडे 'जायचं'. आता मुलाने काय करायचं? तो 'सजेस्टेड टू गो' लिहिणार, आणि त्याला तसं लिहायला तुमच्या मराठीनेच लावलेलं असणार. 'मला वाचायला आवडतं'वरून 'आय एन्जॉय टू रीड' येतं तेही असंच. आमच्या ऑफिसात निम्म्या मेल्सचा शेवट 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असा असतो. इंग्रजी भरपूर वाचा, ऐका, कानाला सवय लागू द्या. भाषांतराची कुबडी एकदा लागली की सुटत नाही.

मास्तर_निवृत्त
'लुकिंग फॉरवर्ड टू'चा दोष मराठीच्या माथी मारू नका. मराठीत 'भेटण्याची वाट पाहतो' असंच म्हणतो, म्हणजे धातुसाधित नामच. घोळ 'टू' या शब्दाचा आहे. मी बत्तीस वर्षं एकच युक्ती वापरली. 'टू'पुढे 'दिवाळी' ठेवून बघायची. 'लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी' चालतं, म्हणजे हा टू प्रीपोझिशन, पुढे 'मीटिंग'. 'वाँट टू दिवाळी' चालत नाही, म्हणजे पुढे साधं क्रियापद. 'आय अॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'ही याच चाळणीतून निघतं. आणि कानाला सवय लागू द्या म्हणता, तर ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्रही येत नाही तिथल्या पोराने कान कुठून आणायचा?

वाकडी_वाट
दिवाळी मान्य, सर. पण ती टूपुरती. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट यांच्यापुढे आयएनजी का, याचं उत्तर ना दिवाळीत आहे ना धातुसाधितात.

दुपारचा_चहा
स्टॉप आणि रिमेंबर विसरलात की! 'तो सिगारेट ओढायचा थांबला' आणि 'तो सिगारेट ओढायला थांबला.' पहिला स्टॉप्ड स्मोकिंग, दुसरा स्टॉप्ड टू स्मोक. एका 'चा'-'ला'ने माणसाचं व्यसन सुटतं किंवा टपरीवर जातं. 'कुलूप लावल्याचं आठवतंय' आणि 'कुलूप लावायचं लक्षात ठेव' हेही तसंच. इथे मराठी इंग्रजीपेक्षा चोख आहे.

थेम्सकाठी
लंडनमध्ये प्रौढांना इंग्रजी शिकवते. जेरंड की विशेषण हे ओळखायला लावण्यात वेळ का घालवायचा, हा माझा प्रश्न आहे. जुन्या इंग्रजीत नामाला '-उंग' किंवा '-इंग' आणि विशेषणाला '-एंडे' असे वेगळे प्रत्यय होते. मध्ययुगात दोन्ही आयएनजीत मिसळले. 2002 साली आलेल्या केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणात तर दोघांना मिळून 'जेरंड-पार्टिसिपल' असं एकच नाव आहे (पार्टिसिपल म्हणजे ते आयएनजीवालं विशेषण). व्याकरणकारांनीच कुंपण काढलंय आणि आपण मुलांकडून अजून त्याच्या खुंट्या मोजून घेतोय.

दुसरं, 'हिज कमिंग लेट' की 'हिम कमिंग लेट'? इंग्रजीच्या वापरावर पुस्तक लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी 1906 साली दुसऱ्या प्रकाराला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असं नाव ठेवून झोडपलं. पुढे येस्पर्सन या डॅनिश पंडिताने चांगल्या लेखकांची उदाहरणं काढून त्याची बाजू घेतली. आज इथे बोलताना सर्रास 'हिम' ऐकू येतं.

मास्तर_निवृत्त
लंडनला 'हिम' म्हणा, बाई. पण बारावीच्या पेपरात 'जेरंड वापरून वाक्य पुन्हा लिहा' असं विचारतात, तिथे केंब्रिजचा दाखला देऊन गुण मिळत नाहीत. आणि 'त्याचं उशिरा येणं मला खटकतं' म्हणणाऱ्या पोराला 'हिज' आपोआप सुचतं. षष्ठी घरचीच आहे.

थेम्सकाठी
घरची आहे, पण एकटी नाही, सर. 'पाऊस पडणं गरजेचं आहे' यात षष्ठी कुठे आहे? 'त्याने वेळेवर येणं अपेक्षित आहे' यात तर तृतीया आली. म्हणजे आपल्याकडेही 'हिज'-'हिम'चा गोंधळ आहेच, फक्त त्यावर कोणी भांडलं नाही.

फळा_आणि_खडू
हे 'पाऊस पडणं' माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्गात कोणी विचारलं असतं तर पंचाईत झाली असती.

वाकडी_वाट, 'ठरवलं-सुचवलं' अगदी मान्य. तिथे मराठी हात देत नाही, उलट पाय ओढते. एन्जॉय, सजेस्टची यादी पाठच करावी लागेल. पण कुबडी म्हणाल तर नाही पटत. प्रीपोझिशनपुढचा जेरंड आणि प्यायच्या पाण्याचा जेरंड या दोन ठिकाणी ती कुबडी नाही, पायच आहे. थेम्सकाठी, नाव ओळखायला लावणं मलाही नकोय, पण पेपर मी काढत नाही.

वाकडी_वाट
मग यादीच्या वरती ठळक लिहा: 'इथे मराठी करू नये.' तेवढं केलंत तर माझा विरोध अर्धा.

दुपारचा_चहा
'अर्धा विरोध असणं' हा जेरंड का हो?