मदत हवी आहे : लोकरी गालिच्यातला मांजरीच्या शूचा वास

नमस्कार मंडळी,

आमच्या हॉलमध्ये आईने हौसेने घेतलेला भदोहीचा हातविणीचा लोकरी गालिचा आहे. आमची चिंगी (वय 11) गेल्या महिन्यात आजारी होती, तेव्हा तिने त्याच्या एकाच कोपऱ्यात तीनदा शू केली. लघवीचा संसर्ग निघाला. औषधं झाली, आता बरी आहे आणि तिच्या ट्रेमध्येच जाते. बिचारीला धरवतच नव्हतं, तिच्यावर राग नाही.

गालिच्याचं मात्र सुचत नाहीये. लगेच जुन्या पंचाने टिपून घेतलं, पाण्यात व्हिनेगर घालून पुसलं, रात्रभर खायचा सोडा पसरून सकाळी व्हॅक्यूम केला. ऊन दाखवलं की वास जातो, पण पावसाची सर आली की पुन्हा भपकारा! कोपरा उलटून पाहिला तर मागच्या गाठींवर पिवळट डाग, आणि लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात किंचित उतरलाय.

शूतलं युरिक अ‍ॅसिड नुसत्या पाण्याने निघत नाही, त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, हे कळलंय. पण लोकर म्हणजे प्रथिनच, आणि क्लीनरमधलं प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) लोकरही कुरतडतं. मग लावू कसं?

कोणी खऱ्या लोकरीवर असं क्लीनर वापरलंय का? किती वेळ ठेवलंत? पुण्यात हातविणीचे गालिचे नीट धुऊन देणारं कोणी माहीत आहे का? फिनेल कृपया सुचवू नका, मांजरांना ते विषारी असतं.

आईला गालिचा टाकून द्यायचा नाहीये, मलाही नाही.