मदत हवी आहे : मातीच्या भिंतीवर मीटर लावायचं कसं?

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातलं खेडं. भावाभावांत वाटणी झाली, चूल वेगळी झाली, म्हणून माझ्या दोन खोल्यांसाठी विजेचं वेगळं मीटर मागितलं. अर्जाला दीड महिना झाला. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ पासून ग्रामीण भागात नवी जोडणी द्यायला १५ दिवसांची मुदत आहे. इथं विचारलं तर हसतात.

परवा लाइनमनभाऊ आले. म्हणे मीटर बाहेरच, दर्शनी भिंतीवर लागेल. ती भिंत मातीची. खिळा ठोकून दाखवला तर मूठभर पोपडा खाली आला, वरून कवेलूंची गळती. जुनं मीटर पडवीत, कोरडं. दरसाल चिमणी त्यावर घरटं करते, तरी बिचारं कधी बंद नाही पडलं.

मीटरची पेटी न् सर्व्हिस वायर (खांबावरून घरापर्यंतची तार) तुम्हीच आणा, असंही तोंडी सांगितलं. लिहून द्या म्हटलं तर गाडीला किक मारली.

अंगणात सिमेंटचा खांब रोवून त्यावर पेटी लावली तर चालते का? पेटीचा खर्च खरंच आपल्याकडे असतो का? अन् नमुना आठवर (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) अजून बाबांचंच नाव आहे, भावाचं संमतीपत्र पुरेल ना? कोणी हे नुकतंच केलं असेल तर सांगा, पावसाच्या आधी उरकायचं आहे.