ग्रामसभेला माणसं येत नाहीत, आली तर बोलत नाहीत – मदत हवी आहे

कोयनाकाठ (4 ऑगस्ट, रात्री 10.40)

नमस्कार. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. 15 ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आलीय आणि परत तेच होणार असं दिसतंय. लोक येत नाहीत. येतात ते बोलत नाहीत. 1 मेच्या सभेला मी डोकी मोजली होती. 22 जण होते, त्यात आम्ही 7 सदस्य आणि पंचायतीचे 2 कर्मचारी. दुसऱ्या दिवसापासून शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरला. आमच्याकडंही आला. सासूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. पिठाचा हात पदराला पुसून त्यांनी सही केली आणि मग मला विचारलं, "कशाची गं सही?" मला सांगता आलं नाही. असं करत 176 सह्या झाल्या.

या वेळी मला सह्या नकोत, माणसं हवीत. 171 माणसं कुठून आणू? लवकर सांगा, नोटीस 7 तारखेला निघायची आहे.

पाराखालचा (4 ऑगस्ट, रात्री 11.05)

गाव केवढं आहे ताई? वाड्या किती? सभा कुठं भरते, किती वाजता? यातलं काहीच लिहिलेलं नाही. सकाळी 10 ला सभा ठेवत असाल तर कुणी येणार नाही, भांगलण चालू असते.

जुना_विस्तार_अधिकारी (5 ऑगस्ट, सकाळी 6.20)

171 हा आकडा बहुतेक 15 टक्क्यांवरून काढलेला आहे, म्हणजे तुमचे मतदार 1140 असावेत. पण नियम एवढाच नाही. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तो कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. तुमचा कोरम 100 आहे. कुणीतरी तुम्हाला अर्धाच नियम सांगितला.

आणि रजिस्टर घरोघर फिरवणं ही गंभीर बाब आहे. जो सभेला हजर नव्हता त्याची हजेरी कशी लागते? त्या सह्यांच्या जोरावर कुठले ठराव झाले ते इतिवृत्तात बघा. लाभार्थ्यांची यादी मंजूर झाली असेल तर उद्या त्यावरून वाद होईल. तुमच्या ग्रामसेवकांना लेखी विचारा.

शेतशिवार_77 (5 ऑगस्ट, सकाळी 7.10)

साहेब, आता ग्रामसेवक नाही, ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. 2024 मध्ये पदाचं नाव बदललं.

ठाणेकर_सभासद (5 ऑगस्ट, सकाळी 9.15)

आमच्या गृहनिर्माण सोसायटीतही हीच रड आहे. 84 फ्लॅट, वार्षिक सभेला 15 लोक. आम्ही अर्धा तास थांबतो आणि तीच सभा पुढं चालू करतो, तहकूब सभेला कोरम लागत नाही. तुम्हीही तसंच करा, प्रश्न मिटला.

जुना_विस्तार_अधिकारी (5 ऑगस्ट, सकाळी 9.40)

सोसायटीचा कायदा वेगळा, ग्रामपंचायतीचा वेगळा, कृपया गल्लत करू नका. तहकूब ग्रामसभेला कोरम लागत नाही हे बरोबर आहे, पण तिथं मूळ विषयपत्रिकेतलेच विषय घेता येतात, नवीन नाही. आणि ताईंना कोरम चुकवायची वाट नकोय. त्यांना माणसं हवी आहेत.

ठाणेकर_सभासद (5 ऑगस्ट, सकाळी 9.52)

मी मदतीसाठीच लिहिलं. आमच्याकडे तर गेल्या वर्षी लिफ्टच्या खर्चाचा विषय 15 लोकांनी मंजूर केला आणि मग उरलेले सगळे भांडायला आले. सभेला यायचं नाही आणि नंतर भांडायचं, याला काय म्हणायचं?

मुक्काम_पोस्ट (5 ऑगस्ट, दुपारी 12.30)

आमच्याकडं एकच उपाय चालला. कर वेळेवर भरला आणि सभेला हजर राहिला, त्याला सोय मिळाली पाहिजे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटलांनी सरपंच असताना कर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं, अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलंय. नुसतं "या, या" म्हणून कोण येतंय? सभेला येणाऱ्याला निदान चहा-पोहे तरी ठेवा.

रानभूल (5 ऑगस्ट, दुपारी 1.05)

मी गडचिरोलीकडचा. आमच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे, तिथं पोह्यांवर कोणी येत नाही जी. तिथं ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतो. एका माणसाची जरी हरकत असली तरी विषय पुढं ढकलतात, परत बसतात, परत बोलतात. बहुमतानं उरकत नाहीत. म्हणून प्रत्येकाला माहीत असतं की आपण नाही म्हटलं तर ते ऐकावंच लागेल. सभेच्या आधी अभ्यासगट बसतो, त्या विषयाची माहिती काढतो. असं वर्षानुवर्षं करून 2009 मध्ये त्यांनी सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही तिथलीच घोषणा.

मुक्काम_पोस्ट (5 ऑगस्ट, दुपारी 1.30)

मेंढ्याचं उदाहरण सगळेच देतात. ते शंभरेक घरांचं, एकाच समाजाचं गाव. आमच्याकडं दोन पॅनेल, चार भावक्या, बांधावरून कोर्टात गेलेले लोक. इथं सर्वसहमती धरून बसलात तर गटारीचं झाकणसुद्धा बसणार नाही.

रानभूल (5 ऑगस्ट, दुपारी 1.48)

सगळं तसंच करा असं कुठं म्हटलं? अभ्यासगटाचं बघा एवढंच म्हणणं. अजेंड्यावर "15वा वित्त आयोग, बंधित-अबंधित निधी" लिहिलं तर कोणाला काय समजणार? आधी पाच माणसांनी बसून त्याचा अर्थ काढला आणि गावात सांगितला, की इतका पैसा पाण्याला अन् स्वच्छतेलाच खर्च करावा लागते, इतका आपल्याला ठरवता येते, तर माणूस बोलायले येते.

आणि एक सांगतो, आमच्याकडं पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, लागू आहे, वस्ती स्वतःची वेगळी ग्रामसभा करू शकते. ताईंच्या वाड्यांना ते नाही, पण सभेआधी वाडीत जाऊन बसायला कोण अडवते?

कोयनाकाठ (5 ऑगस्ट, रात्री 9.55)

सगळ्यांचे आभार. घाईत अर्धंच लिहिलं, आता सांगते. पाटण तालुका. मूळ गाव आणि तीन वाड्या, सगळ्यात वरची वाडी अडीच किलोमीटरवर, शेवटचा चढ पायी. मतदार 1140 बरोबर आहेत. सभा गावातल्या समाजमंदिरात, झेंडावंदन झालं की लगेच 10 वाजता. यादीत नावं असलेले जवळजवळ तिसरा हिस्सा लोक मुंबईत, माथाडीत नाहीतर दुकानात. कोरम 100 आहे हे मला आज कळलं. पंचायतीत विचारलं तर "आजवर असंच करत आलोय" म्हणाले.

पण आकड्यापेक्षा मला दुसरंच खुपतंय. 26 जानेवारीला वरच्या वाडीतली एक बाई पाण्याचं बोलायला उभी राहिली. समोरून एक जण म्हणाले, "तुमच्या मालकांना पाठवा, त्यांच्याशी बोलू." ती खाली बसली. मी शेजारीच होते आणि मीही गप्प बसले. 1 मेला ती आली नाही.

सरळ_मार्ग (5 ऑगस्ट, रात्री 10.20)

मुंबईकरांची नावं यादीतून काढा, म्हणजे कोरमचा प्रश्नच येणार नाही. फॉर्म 7 भरायचा, ऑनलाइनही भरता येतो. हवं तर कसा भरायचा ते टप्प्याटप्प्यानं सांगतो.

कांजूरमार्ग_ते_गाव (5 ऑगस्ट, रात्री 10.41)

ताईंनी हे विचारलंय का? आणि नावं का काढायची? माझं घर, माझी जमीन, माझी आई गावातच आहे. यात्रेला, गणपतीला आम्ही येतोच, मंदिराच्या वर्गणीला आमची आठवण बरोबर होते. यात्रेच्या आदल्या दिवशी सभा ठेवा, बघा किती येतात ते.

सरळ_मार्ग (5 ऑगस्ट, रात्री 10.50)

जिथं राहतो तिथं मतदान, हा साधा नियम आहे. वर्षातून दोनदा येणाऱ्यानं गटार कुठून न्यायची ते ठरवायचं का?

पाराखालचा (5 ऑगस्ट, रात्री 11.02)

तुम्ही दोघं वेगळा धागा काढा, इथं ताईंचं राहू दे. तसं कोरम 100 म्हटल्यावर यादीतून नावं काढून काही कमी होणार नाही. 15 टक्के शंभराच्या खाली यायला मतदार 667 च्या आत यावे लागतील.

चिंचेखाली (6 ऑगस्ट, सकाळी 5.45)

ताई, मी शेजारच्याच जिल्ह्यातली. पाच वर्षं सरपंच होते. तुमचं ते "मीही गप्प बसले" वाचून रात्री झोप लागली नाही, कारण मीही अशीच बसले होते.

पहिली दोन वर्षं मी दवंडी, स्पीकर, व्हॉट्सॲप, सगळं केलं. चहा-पोहेसुद्धा केले. माणसं पोहे खाऊन गेली. मग एकदा खालच्या आळीतल्या एका म्हातारीला मी म्हटलं, "आजी, सभेला या की." त्या म्हणाल्या, "मागच्या बारीला आले होते. खांबावरच्या दिव्याचं बोलले होते. तू लिहून घेतलंस. दिवा कुठाय?" मी प्रोसिडिंग काढून बघितलं. दिव्याचं नावच नव्हतं. "विविध विषयांवर चर्चा झाली" एवढंच लिहिलेलं.

तेव्हापासून सभेत पहिला विषय तोच ठेवला. मागच्या खेपेला कोण काय बोललं आणि त्याचं काय झालं, हे नाव घेऊन मोठ्यानं वाचायचं. झालं असेल तर झालं, नसेल तर का नाही. "आजींनी दिवा मागितला होता. अर्ज वीज कंपनीकडं दिला, अजून माणूस आलेला नाही, 12 तारखेला मी परत जाणार आहे." दिवा लागायला नंतर चार महिने गेले, पण त्या आजी एकही सभा चुकल्या नाहीत. आपलं नाव त्या कागदात आहे का, ते ऐकायला यायच्या.

दुसरं महिला सभेचं. ग्रामसभेआधी ती घ्यायचीच असते, पण बहुतेक ठिकाणी तीही सहीवरच उरकतात. ती समाजमंदिरात घेऊ नका. वरच्या वाडीत, त्या बाईच्या अंगणात घ्या. आणि "काही अडचण आहे का?" असं विचारू नका. बायका म्हणतात "काय न्हाई", मी शंभरदा ऐकलंय. "तुमच्या नळाला पाणी किती वाजता येतं? किती हंडे भरतात?" असं विचारा. एक म्हणेल सहा हंडे, दुसरी म्हणेल माझे तर दोनच. तिथून सभा आपोआप सुरू होते. तिथं ठरेल ते ठराव म्हणून लिहा, सह्या तिथंच घ्या आणि 15 तारखेला तुम्ही स्वतः उभं राहून वाचा. त्या बाईला एकटीला उभं करू नका, पाच जणी सोबत आणा.

एक विचारू का, राग मानू नका. मासिक बैठकीत तुम्ही स्वतः बोलता की घरातलं कुणी बोलतं?

कोयनाकाठ (6 ऑगस्ट, दुपारी 2.15)

राग कसला. पहिले सहा महिने मिस्टर यायचे, मी सही करायचे. आता मी एकटी जाते. बोलते, पण आवाज कापतो.

चिंचेखाली (6 ऑगस्ट, दुपारी 2.30)

कापू दे. लिहून न्या आणि वाचा. कागद हातात असला की मधेच कुणी तोडलं तरी कुठं थांबलो ते सापडतं.

पाराखालचा (6 ऑगस्ट, दुपारी 3.10)

वेळ मात्र बदलाच. झेंडावंदनाला पोरांबरोबर वाड्यांवरून आया खाली येतात, पण लगेच 10 ला सभा म्हटलं की घरी स्वयंपाक राहतो. दुपारी 3 ला ठेवा. आणि वरच्या वाडीची गाडीची काय सोय? ऑगस्टच्या पावसात अडीच किलोमीटर चालत येऊन परत चढ कोण चढणार?

जुना_विस्तार_अधिकारी (6 ऑगस्ट, दुपारी 4.00)

वेळ बदलायची तर आज-उद्याच सरपंचांशी बोला. नोटीस 7 दिवस आधी लागली पाहिजे आणि दवंडीही झाली पाहिजे. पाण्याचा विषय नोटिशीत स्पष्ट लिहून घ्या. "ऐनवेळचे विषय" यावर सोडू नका.

कोयनाकाठ (16 ऑगस्ट, सकाळी 7.30)

पुढं काय झालं ते कळवायचं म्हणून लिहिते.

वरच्या वाडीत 12 तारखेला महिला सभा झाली. 31 जणी. हंड्यांचं विचारलं आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. टाकीजवळच्या घरांना अर्धा तास पाणी येतं आणि शेवटच्या सात घरांना दहा मिनिटं, हे मला सदस्य असून माहीत नव्हतं. ते सगळं वहीत लिहिलं, घरवार. 26 जानेवारीला खाली बसलेल्या ताई पहिल्यांदा काहीच बोलल्या नाहीत. शेवटी उठल्या आणि आत जाऊन एक कागद घेऊन आल्या. जानेवारीपासून रोज किती हंडे भरले ते पोराच्या वहीच्या पानावर लिहून ठेवलं होतं.

काल सभा 3 वाजता. वरच्या वाडीसाठी मिस्टरांनी टेम्पो नेला. मोजून 84 जण आले. कोरम झाला नाही. पंचायतीतले म्हणाले, 16 सह्या फिरवून आणू. मी नको म्हटलं. वाद झाला. सरपंच शेवटी माझ्या बाजूनं उभे राहिले आणि सभा तहकूब झाली, आता रविवारी 24 ला आहे. तहकूब झाल्यावरही तासभर कुणी हललं नाही. त्या ताईंनी हंड्यांचा कागद स्वतः वाचून दाखवला. आठ बाया त्यांच्याभोवती उभ्या होत्या.

आता एक अडचण. पाणी विषयपत्रिकेत आहे, पण काल वाडीच्या पाणंद रस्त्याचं निघालं आणि ते नोटिशीत नव्हतं. 24 ला घेता येईल का?

जुना_विस्तार_अधिकारी (16 ऑगस्ट, सकाळी 8.05)

नाही घेता येणार. तहकूब सभेत पाण्याचा ठराव करून घ्या, अंदाजपत्रकासह. पाणंदीसाठी सरपंचांना सांगून जादा सभा लावा, वर्षात चारच सभा घ्यायच्या असं बंधन नाही. तो कागद इतिवृत्ताला जोडायला विसरू नका.

कांजूरमार्ग_ते_गाव (16 ऑगस्ट, सकाळी 8.40)

जादा सभा गणपतीत ठेवा ना. मी तुमच्याच तालुक्यातला आहे, आमच्या गावची निम्मी मुंबई तेव्हा गावात असते. पाणंदीला आमच्याकडं मुंबईकरांनी वर्गणी काढली होती, हिशोब पाठवू का?

कोयनाकाठ (16 ऑगस्ट, सकाळी 9.10)

पाठवा. आणि मुरूम कितीला पडला तेही सांगा.