पाचव्या महिन्यात जाऊबाई ट्रामाडॉलच्या गोळ्या घेते, एकदम बंद करू का?

द्राक्षबाग, तासगाव:
माझी धाकटी जाऊ, पाचवा महिना. गेल्या छाटणीपासून कंबरदुखीवर ट्रामाडॉल घ्यायची. आम्हाला वाटलं, दुखणं गेलं म्हणजे गोळीही गेली. परवा तांदळाच्या डब्यात चार पाकिटं सापडली. रागाच्या भरात मी ती संडासात टाकली. दुसऱ्या दिवशी तिला जांभयांवर जांभया, नाक-डोळे गळतायत, अंगावर काटा, जुलाब, पोटात कळा. बाळाला काही होईल का? दवाखान्यात सांगायची तिला भीती वाटते.

निवृत्त सिस्टर, मिरज:
ताई, आजच्या आज घेऊन निघा. पोटात कळा येतायत, हे थांबायचं लक्षण नाही. गोळ्या टाकून दिल्यात ते मायेपोटी, पण ट्रामाडॉल ही अफूच्या जातीची, सवय लागणारी गोळी आहे, गरोदरपणात ती अचानक तोडायची नसते. आईचं अंग तळमळतं तसं पोटातल्या बाळाचंही तळमळतं. गर्भपाताचा, दिवसाआधी कळा लागण्याचा धोका असतो.

वार, ज्यातून बाळाचं पोषण होतं, ती काही गाळणी नव्हे. हे औषध तिच्यातून सरळ बाळाकडं जातं. कधी जास्त गोळी, कधी अजिबात नाही, असं चाललं की बाळावर ताण येतो. अशी बाळं वजनाला कमी भरतात, काहींच्या डोक्याचा घेर लहान असतो.

दवाखान्यात नवजात बाळांच्या नर्सरीत असं एक बाळ मी सांभाळलंय. दुसऱ्या दिवशी किंचाळायला लागलं, चिरका आवाज. एकामागून एक शिंका. चादरीवर घासून घासून गुडघे लाल झालेले. मूठ तोंडात कोंबायचं, पण दूध ओढता येईना. आम्ही दिवे मंद केले, घट्ट गुंडाळून आईच्या छातीशी दिलं. काही बाळांना मॉर्फिनचे थेंबही लागतात, मग ते हळूहळू कमी करतात. हे सगळं बरं होतं, म्हणून तर आधी सांगायचं.

स्त्रीरोग आणि मानसोपचार, दोन्ही विभाग असतील तिथं न्या. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन असं त्याच जातीचं, पण परिणाम जास्त वेळ टिकणारं औषध सुरू करतात, म्हणजे चढउतार थांबतो. डोस तेच ठरवतील. आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना नक्की सांगा. अशा बाळाला नॅलोक्झोन, म्हणजे या औषधांचा असर एकदम उतरवणारं इंजेक्शन, दिलं तर झटके येऊ शकतात.

कवठेमहांकाळची आई:
दूध पाजता येतं का?

निवृत्त सिस्टर, मिरज:
ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन नीट चालू असेल, बाकी नशा नसेल, तर बहुतेक वेळा पाजायलाच सांगतात. ट्रामाडॉल किंवा कोडीन घेताना मात्र नको.

द्राक्षबाग, तासगाव:
काल गेलो. कोणी ओरडलं नाही. सोनोग्राफीत ठोके ऐकले तेव्हा जाऊनं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. जिभेखालची गोळी सुरू झालीय, रात्री तिनं अर्धी भाकरी खाल्ली. बाळंतपण गावात नको, जिथं बाळांचा वेगळा विभाग आहे तिथंच करा म्हणाले. सासूबाईंना काय सांगायचं, ते उद्या आम्ही दोघी मिळून ठरवणार.